तीन राखणदार आणि एक उभा माणूस

मी खरेदी विभागात आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्याचं खापर नेमकं कुठे फोडायचं ते तुम्हाला कळेल. आमच्या ऑफिसात टाचणीसुद्धा तीन पुरवठादारांकडून दर मागवल्याशिवाय येत नाही. तीन पुरवठादार, त्यांचा तुलनात्मक तक्ता, तक्त्यावर समितीची बैठक, बैठकीत भांडण, आणि मग टाचणी. (तोवर ज्या कागदांना ती लावायची ते कागद हरवलेले असतात. पण पद्धत म्हणजे पद्धत.)

तर त्या सोमवारी मी बूट घालत होतो आणि बायको आतून म्हणाली, "अहो, येताना एक अँटीव्हायरस घेऊन या."

मी एका पायात बूट घालून तसाच थांबलो. "येताना एक? ती काय साबणाची वडी आहे?"

"खालच्या डॉक्टरीणबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. सगळे फोटो गेले त्यांचे. माझी चित्रं शनिवारी जायची आहेत, मला आता जिवाला घोर नकोय. कुठलाही आणा, पण आणा."

कुठलाही! खरेदी विभागातल्या माणसाला 'कुठलाही' म्हणणं म्हणजे आचाऱ्याला 'मीठ राहू द्या' म्हणण्यासारखं आहे. मी त्याच क्षणी ठरवलं की या घरात अँटीव्हायरस येईल तर रीतसर येईल.

चित्रांचं मात्र सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन ठेपलं. बायको शाळेत चित्रकला शिकवते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांची बोटं धरून तिनं डोंगर काढले, डोंगरामागचा सूर्य काढला. आणि यंदा पहिल्यांदा एका प्रकाशनानं तिला बोलावून मुलांसाठी शरीरावरचं एक मोठं पुस्तक दिलं. आत चित्रं तिची, मुखपृष्ठावर नाव तिचं. गेले कित्येक महिने ती शाळेतून आली की कॉम्प्युटरसमोर बसून अवयव रंगवत होती. आमच्याकडे जेवताना पित्ताशयाच्या हिरव्या रंगावर चर्चा व्हायची. प्रकाशनाच्या संपादकबाईंनी बजावलं होतं, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत चित्रं आली नाहीत तर पुस्तक त्यांच्या नेहमीच्या चित्रकाराकडे जाईल. बायको हे कुणाला बोलून दाखवत नव्हती, पण मुखपृष्ठावर आपलं नाव कसं दिसेल ते तिनं किराण्याच्या पिशवीवर पेनानं लिहून बघितलेलं मी पाहिलं होतं. (मी ती पिशवी जपून ठेवली आहे. ते तिला माहीत नाही.)

म्हणजे मी जे केलं ते तिच्यासाठीच केलं. हे लक्षात असू द्या. पुढे विसरायला होईल.

जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तक्ता बनवायला घेतला. उभे रकाने, आडवे रकाने, सतर्कता, वेग, नम्रता, गुण शंभरपैकी. पुरवठादार तिघे निवडले. त्यांची खरी नावं देत नाही, कारण ते अजूनही मला पत्रं पाठवतात. एकाच्या चिन्हावर लाल ढाल होती, दुसऱ्याच्या हिरवी छत्री आणि तिसऱ्याच्या एक निळा कुत्रा, तेव्हा आपण त्यांना ढाल, छत्री आणि कुत्राच म्हणू. तिघांचेही नमुने महिनाभर फुकट वापरायला मिळत होते. तक्ता मी ऑफिसच्या पेन ड्राइव्हवर घेतला. हा पेन ड्राइव्ह आमच्या विभागात सगळ्यांचा मिळून एकच आहे. तो भांडारात जातो, टपालात जातो, साहेबांच्या मेहुण्याच्या लग्नाचे फोटो घेऊन कॅन्टीनपर्यंत जाऊन येतो. मी तो गळ्यात घालून घरी आलो.

घरी मुलगी होती. ती कॉलेजात कॉम्प्युटरच शिकते, त्यामुळे तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. घरच्या माणसाचं मत पद्धतीत बसत नाही.

"बाबा, कॉम्प्युटरसोबत आलेला एक राखणदार आत आहेच," ती म्हणाली. "तो चालू आहे. तेवढा पुरतो आपल्याला."

"तो दर देऊन आलाय का?"

"दर कसला? तो आतच असतो."

"म्हणजे जुना कंत्राटदार. जुन्याचं काम चालू असताना नवी खरेदी काढता येत नाही. नियम आहे." आणि मी तो जुना राखणदार शोधून बंद केला. 'तुम्ही असुरक्षित आहात,' असं तो जाता जाता म्हणाला. कंत्राट संपलेला प्रत्येक माणूस असंच काहीतरी बोलून जातो. मग मी पेन ड्राइव्ह लावून तक्ता घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि कामाला लागलो.

"तिघांनाही एकदमच बसवणार?" मुलीनं विचारलं. तिच्या आवाजात काहीतरी होतं, ते मी तेव्हा कौतुक समजलो.

"समान संधी! बोली उघडताना सगळे पुरवठादार एकाच खोलीत समोरासमोर हवेत. नाहीतर पक्षपात होतो."

आरामखुर्चीतून अप्पांनी पेपर खाली केला. अप्पा म्हणजे माझे सासरे. निवृत्त लेखापरीक्षक. ज्या माणसानं आयुष्यभर माझ्यासारख्यांच्या खरेदीत खोट काढली, तो माणूस निवृत्तीनंतर माझ्याच घरात राहायला आला. मी पंखा घेतला तर त्यांनी पावती मागितली होती. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, त्यात त्यांनी माझ्या कुठल्याही कामाला बरं म्हटलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी चष्मा वर केला, माझ्या तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पद्धतशीर आहे."

झालं! आता ब्रह्मदेव आला असता तरी मी मागे हटलो नसतो.

ढाल बसली. छत्री बसवायला घेतली तर पडद्यावर चौकट आली की इथे आधीच दुसरा सुरक्षा प्रोग्रॅम आहे, तो काढा, नाहीतर नुकसान होईल. मला हसूच आलं. आमच्याकडे कुठल्याही पुरवठादाराला बसवा, तो पहिल्यांदा दुसऱ्याबद्दल हेच सांगतो. मी 'तरीही पुढे जा' दाबलं. कुत्रा बसवताना त्यानं ढाल आणि छत्री दोघांबद्दल तक्रार केली. त्याला सतर्कतेचे दोन गुण जास्त दिले.

"अगं, आता शनिवारपर्यंत तुझ्या फायली हलवू नकोस," मी बायकोला सांगितलं. "मूल्यमापन चालू आहे."

"मी पेन ड्राइव्हवर एक प्रत घेणार होते."

"नको नको. जैसे थे स्थिती पाहिजे. तीन-तीन पहारेकरी बसवलेत, कशाला प्रत?"

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. (तेव्हा ठेवायची.)

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे बटण दाबून अंघोळ करून यावं लागायचं. माउसचा बाण पाय ओढत चालायचा. धोका दिसला की कुत्रा भुंकायचा, म्हणजे खरंच भुंकायचा, स्पीकरमधून. छत्रीला वाटायचं ढाल संशयास्पद आहे. ढालीला वाटायचं कुत्रा घरातली माहिती बाहेर नेतोय. आणि कुत्रा दोघांवरही भुंकत होता. बायको शाळेच्या परीक्षांच्या गडबडीत होती, तिची चित्रं पूर्ण झालेली होती, त्यामुळे ती कॉम्प्युटरकडे फिरकलीच नाही. मी एकटा संध्याकाळी तक्ता उघडून बसायचो. पडद्यावर सारखं यायचं, 'धोका सापडला, हटवला', 'धोका सापडला, कोठडीत टाकला'. मी खूश! इतके धोके सापडतायत म्हणजे माल चांगला आहे. काय सापडलं, कोण कोठडीत गेलं, हे वाचायचं मला सुचलं नाही. आमच्या ऑफिसात आकडे बघतात, मजकूर बघत नाहीत.

शनिवारी दुपारी जेवणं झाली आणि बायको केस बांधून कॉम्प्युटरसमोर बसली. मी पेपर उघडला.

"अहो, माझं यकृत कुठंय?"

"कपाटात बघ," माझ्या तोंडून गेलं. (सवय आहे. घरात काहीही सापडेनासं झालं की मी कपाटच सांगतो.)

"हृदय पण नाहीये. मूत्रपिंडं गेली. अहो, फोल्डर रिकामा आहे!"

मी उठलो. फोल्डर रिकामा होता. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. पडद्याकडे बघत नुसती बसून राहिली, हात मांडीवर, मधल्या सुट्टीत डबा विसरलेल्या पोरीनं वर्गात बसावं तशी.

मुलीला हाक मारली. तिनं खुर्ची ओढली, भराभर चार खिडक्या उघडल्या आणि कपाळावर हात मारला. "बाबा, कॉम्प्युटरमध्ये किडा शिरलाय. तो फायलींमध्ये घुसत गेला, आणि तुमचे पहारेकरी किड्याबरोबर फायलीच उचलत गेले. यकृत ढालीच्या कोठडीत आहे. हृदय छत्रीनं धरलंय."

"मग सोडवायचं त्यांना!"

"छत्रीची अख्खी कोठडी कुत्र्यानं उचलून आपल्या कोठडीत टाकलीये. हृदयासकट."

"ताबा नेमका कोणाकडे आहे, ते आधी निश्चित करा," आरामखुर्चीतून अप्पा म्हणाले.

मुलीनं ढालीला समजावून यकृत बाहेर काढलं. ते बाहेर आलं न आलं तोच छत्रीनं ते धरलं. छत्रीकडून सोडवलं तर कुत्रा भुंकला आणि यकृत परत आत. मी बाजूला उभा राहून मूत्रपिंडांसाठी प्रयत्न करू का असं विचारलं, तेव्हा मुलीनं माउस माझ्यापासून लांब सरकवला.

"तिघांनाही काढून टाकते," मुलगी म्हणाली. "मग किडा मी साफ करते आणि कोठड्या फोडते."

"अगं पण, मूल्यमापन अजून..."

"अहो," बायको म्हणाली.

बायकोच्या 'अहो'चे पुष्कळ प्रकार आहेत. हाक मारायचा वेगळा, पाहुण्यांसमोरचा वेगळा. हा त्यांपैकी कुठलाच नव्हता. मी तिघांनाही काढायला बसलो.

ढाल काढताना पडद्यावर ढालीनंच विचारलं, 'आम्हाला सोडून का जाताय?' खाली मोठा रिकामा चौकोन होता. आता मी जन्मात कधी रकाना कोरा सोडलेला नाही. मी लिहायला घेतलं, 'महोदय, आपली सतर्कता वाखाणण्याजोगी असली तरी...' एवढ्यात माझी चाकांची खुर्ची माझ्यासकट सरकत जाऊन भिंतीला टेकली. मुलीनं ढकलली होती. उरलेल्या दोघांना तिनं कारण न देता काढलं. (मला ते आजही खटकतं.)

मग एकेक अवयव परत यायला लागला, आणि आला तसा मुलगी तो आपल्या मोबाइलवर उतरवून घेत गेली. यकृत आलं. फुप्फुसं आली. हृदय उघडलं तेव्हा बायकोनं त्याचे चारही कप्पे बोटानं मोजून घेतले. पित्ताशयाचा हिरवा जसाच्या तसा होता. मी म्हटलं, चला, निभावलं.

"आई," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "उभा माणूस उघडत नाहीये."

उभा माणूस म्हणजे पुस्तकाच्या बरोबर मधलं, दोन पानं भरून असलेलं चित्र. एक माणूस उभा, आणि त्याच्या आत घशापासून शेवटापर्यंत सगळी पचनसंस्था. या चित्राच्या कल्पनेवरच तर तिला पुस्तक मिळालं होतं. मुलीनं सगळं करून पाहिलं. उघडलं की नुसते करडे पट्टे यायचे. किड्यानं आतून पोखरला होता बिचाऱ्याला.

"दुसरी प्रत?" मुलीनं विचारलं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. "घेणार होते," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, मी संपादकबाईंना फोन करतो, सगळा दोष माझा आहे म्हणून सांगतो, पाया पडतो. बायको उठली. मला वाटलं रडायला आत गेली. ती मोठ्या कागदाची गुंडाळी, पेन्सिली, शाई आणि रंगाची पेटी घेऊन बाहेर आली आणि तिनं जेवणाचं टेबल एका हातानं साफ केलं.

"उभे राहा," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय अप्पांना उभं करू? खिडकीपाशी. शर्ट काढा."

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी पेपर वर केला. मी शर्ट काढून खिडकीपाशी उभा राहिलो.

"पोट आत घ्या."

"घेतलंय."

तिनं जरा वेळ बघितलं. "राहू दे," ती म्हणाली आणि पेन्सिल चालू केली.

वर्गात ती कशी असते ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. मान वर, मान खाली, हात थांबायचं नाव नाही. माझ्या नाकावर माशी बसली. मी हललो नाही. ज्या माणसाच्या हट्टापायी हे सगळं झालं तो निदान नीट उभा तरी राहू शकतो, एवढंच मी मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. समोरच्या गॅलरीतल्या आजीबाई वाळत घातलेले कपडे काढायला आल्या, त्यांनी मला बघितलं, कपडे तसेच ठेवून आत गेल्या. तरी हललो नाही. मुलगी शाई वाळवायला वहीनं वारा घालत होती. मध्येच संपादकबाईंचा फोन वाजला. तो अप्पांनी उचलला.

"नाही, चित्रकार कामात आहेत," अप्पा म्हणाले. "हो, माणूस उभा आहे. नाही नाही, खरोखरच उभा आहे. पाचच्या आत पोचेल."

पाच वाजायला आले तेव्हा मोठं आतडं शेवटचं वळण घेत होतं. मुलीनं कागद खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलनं त्याचा नीट फोटो काढला आणि सगळ्या चित्रांसकट मोबाइलवरूनच पाठवून दिला. कॉम्प्युटरला कुणी हातसुद्धा लावला नाही. मग आम्ही चौघं फोनभोवती बसलो. मी शर्ट घालायचा विसरलो होतो.

फोन आला. बायकोनं आवाज मोठा केला.

"सगळी छान आहेत हो," संपादकबाई म्हणाल्या, "पण हा उभा माणूस! हाताचं काम आहे ना? किती जिवंत वाटतो. नाहीतर पुस्तकातली माणसं कशी सपाट पोटाची असतात. याला बघितल्यावर वाटतं की हा खरंच जेवतो. मुखपृष्ठावर हाच घेऊ या."

बायकोनं फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली, आणि मुलीनं तिला मिठी मारली. अप्पांनी चष्मा पुसला. मलाही भरून आलं, आणि अशा वेळी माणसानं गप्प बसावं, पण मी खरेदी विभागात आहे. हाती घेतलेलं काम अर्धवट ठेवणं माझ्या रक्तात नाही.

"तेवढे शेवटचे गुण भरून टाकतो," मी म्हणालो.

मुलीनं एव्हाना किडा साफ करून कॉम्प्युटरसोबतचा तो जुना राखणदार पुन्हा चालू केला होता. मी गळ्यातला पेन ड्राइव्ह काढून लावला. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर लाल चौकट आली. भुंकणं नाही, काही नाही, नुसतं एक वाक्य, 'किडा पकडला.' खाली फाइलचं नाव होतं, 'अँटीव्हायरस तुलनात्मक तक्ता, अंतिम, सुधारित.'

"बाबा," मुलगी म्हणाली, "किडा तुमच्या ऑफिसच्या पेन ड्राइव्हवरूनच आला. सोमवारी. तक्त्यातून."

अप्पांनी पेपरची नीट घडी केली. "म्हणजे हिशेब असा," ते म्हणाले. "ज्यानं चोर पकडला असता त्याला तुम्ही आधी घरी पाठवलंत. मग चोराला गळ्यात घालून आत आणलंत. आणि मग पहारेकऱ्यांच्या मुलाखती घेतल्यात."

मी मान हलवली. नाकारण्यासारखं काही नव्हतंच.

"पद्धतशीर आहे," अप्पा म्हणाले.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर तिचं नाव आहे, तिनं पिशवीवर लिहिलं होतं त्यापेक्षा मोठ्या अक्षरात, आणि नावाखाली मी आहे, शर्टाशिवाय. तिच्या वर्गातली मुलं मला रस्त्यात बघतात तेव्हा आधी पोटाकडे बघतात आणि मग नमस्कार करतात. आमच्या कॉम्प्युटरवर तो जुना राखणदारच आहे. मुलीनं त्याला नीट शिकवून ठेवलंय. मी काहीही जोडायला गेलो की चौकट येते, 'यावर विश्वास ठेवायचा का?' उत्तर द्यायचा पासवर्ड बायकोकडे असतो. मी हाक मारतो. ती हात पुसत येते, चौकट वाचते, मग माझ्याकडे बघते.

"थांबा," ती म्हणते, "विचार करून सांगते."